चष्मेवाल्यांच्या दारावरचं कुलूप

मी चष्मेवाल्यांच्या दारावरचं कुलूप बोलतोय. बोलावं की नाही, हे अजून माझं मलाच ठरवता आलेलं नाही. कुलपानं तोंड बंद ठेवावं, हाच त्याचा धर्म. पण आता गप्प राहणंही जड जातंय.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, आपण कुणाच्या तरी घराची राखण करू. माणसं बाहेरून दमून येतील, मला जागच्या जागी पाहून त्यांना बरं वाटेल. पण मला विकत घेतलं बँकेच्या वसुली साहेबांनी. त्यांच्या पिशवीत पडलो तेव्हा कळलं, आपलं काम घरच्यांनाच अडवायचं.

दुकानासमोरचा रस्ता खणला गेला आणि चष्मेवाल्यांचा धंदा बसला. घराचे हप्ते तुंबले. बँकेची नोटीस आली. त्यांचा मेव्हणा वकील. त्यानं रीतसर हरकत लिहून दिली, की भरलेले काही हप्ते बँकेनं हिशेबात धरलेलेच नाहीत. अशा हरकतीला उत्तर देणं बँकेला कायद्यानं भाग असतं. उत्तर आलं नाही. आले ते साहेब, आणि पिशवीत मी.

"आपण समजूतदार माणसं," साहेब म्हणाले. "उगाच गल्लीत तमाशा नको."

तमाशाची चष्मेवाल्यांना भारी धास्ती. बायको म्हणाली, "अहो, भाऊला फोन तरी करा."

"त्याला कशाला कामातून उठवायचं? आधी साहेबांना खुर्ची दे."

तिनं खुर्ची दिली. मग कपडे बांधले, आणि निघता निघता फरशीसुद्धा पुसून घेतली. म्हणे, बँकेनं नावं ठेवायला नकोत.

दार ओढलं, पण कडी कोयंड्यावर येईना. मला अडकायला जागाच मिळेना. साहेब घामाघूम झाले. मी मनात म्हणत होतो, नकोच येऊ. निदान तसं म्हटल्याचं आठवतंय. शेवटी साहेब वैतागून म्हणाले, "राहू दे, नंतर बघू."

"थांबा हो," चष्मेवाले पुढे झाले. "याची एक युक्ती आहे. खालून जरा उचलावं लागतं."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःच्या घराचं दार उचलून धरलं. मी खटकन बसलो. "बसलं बघा!" ते म्हणाले. क्षणभर त्यांना आनंदसुद्धा झाला.

बातमी कळताच मेव्हणा धावत आला. "भावोजी, कशावर सही केलीत?"

"छे! नुसतं दार उचललं."

"दार उचललं?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "अहो, तुम्ही नुसतं 'नाही' म्हणाला असतात, तर त्यांना कोर्टाचा हुकूम आणावा लागला असता. आता ते म्हणणार, मालकानं राजीखुशीनं ताबा दिला."

"अरे, पण तो माणूस किती घामाघूम झाला होता..."

"हो ना," बायको पायरीवरून म्हणाली. "घर गेलं तरी चालेल, साहेबांना घाम यायला नको!" ती हसली, आणि हसता हसताच डोळे पुसू लागली.

सध्या दोघं दुकानात राहतात, भिंतभर रिकाम्या फ्रेमांच्या समोर. मेव्हणा सांगतो, लिलाव होईपर्यंत सगळं संपत नाही. थकबाकी भरून घर सोडवता येतं. तेवढ्यासाठीच त्यानं कोर्टाकडून लिलावाला तात्पुरती मनाई आणली आहे. रोज चष्मेवाल्यांची बायको येऊन पायरी झाडून जाते. माझ्याकडे बघत नाही. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर हलकं वाटलं असतं.

उद्या सुनावणी आहे. कुलूप लावताना कुणी अडवलं नाही, असं साहेब सांगतील. ते खोटं नाही, हेच मला खातं. मला कुणी साक्षीला बोलावणार नाही. म्हणून तुम्हालाच विनवतो. माझ्या शांतपणे लागण्याला या माणसांची राजीखुशी समजू नका. बँकेनं हरकतीला उत्तर का दिलं नाही, एवढं विचारा.

निकाल माझ्याविरुद्ध लागो. आणि लागलाच, तर किल्ली शोधत बसू नका. सरळ कापून काढा मला.