पाहुण्यापुरती ऊब

पाहुणा येणार असला की आदल्या रात्री हीटरचं बटण पूर्ण फिरवायचं, हे मला आईनं लहानपणीच शिकवलं. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला आमचं विक गाव, तिथं बहुतेक घरांत हीच रीत. हे जुने हीटर रात्रीची स्वस्त वीज पोटातल्या विटांमध्ये साठवतात आणि दिवसा ऊब सोडतात. म्हणजे आज ऊब हवी तर ते काल ठरवावं लागतं. पाद्री येणार, आत्या येणार, की बटण पूर्ण. एरवी बटण एकावर आणि अंगात दोन स्वेटर.

आई गेल्यावर बाबांनी तिनातला एकच हीटर चालू ठेवला, तोही एकावर. वय ब्याऐंशी, सगळा जन्म बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात गेलेला, सांगणार कोण? दोनदा छाती कफानं भरली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, "घर गरम करा, नाहीतर पुढचा हिवाळा त्यांना या घरात काढता येणार नाही."

जुने तिन्ही रोज चालवायचे तर विजेचं बिल बाबांच्या पेन्शनीत मावेना. कमी विजेत चालणाऱ्या नव्या हीटरांचे दुकानदारानं साडेसहा हजार पौंड सांगितले.

"एवढ्या पैशांत मी अख्खी होडी घेतली होती," बाबा म्हणाले. "इंजिनासकट."

"मग आता होडीत झोपणार का?"

"इथल्यापेक्षा ऊब असेल तिथं!"

मी शाळेच्या स्वयंपाकघरात राबते, माझ्याकडे कुठले एवढे पैसे! सरकारी मदत मिळणार होती, पण घर तापत नाही हे त्यांचा माणूस स्वतः येऊन बघणार होता. बुधवारी सकाळी येतो, असं पत्र आलं.

मंगळवारी संध्याकाळी मी बाबांकडे गेले. धूळ पुसली, चहाबरोबर द्यायला स्कोन भाजले आणि जाता जाता तिन्ही हीटरांची बटणं पूर्ण फिरवली. विचार केलाच नाही. परका माणूस घरात येणार आणि त्याच्या तोंडातून वाफ निघणार? शोभतं का ते?

बुधवारी त्या माणसानं आल्या आल्या कोट काढला. "छान ऊब आहे हो. तिन्ही चालतात ना?"

"चालतात की!" बाबा ताठ बसले. "तीस वर्षांत एकदा बिघडले नाहीत. मी सांभाळलेत."

तेव्हा बोलायला हवं होतं मी. पण किती तरी दिवसांनी बाबा नुसत्या शर्टावर बसले होते, गाल लाल झाले होते, पाहुण्याला आग्रह करत होते. मी चहा ओतला. आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

तीन आठवड्यांनी नकार आला. सध्याची सोय समाधानकारक आहे म्हणे. पुन्हा अर्ज करायचा तर एप्रिलमध्ये. जानेवारीत बाबांची छाती तिसऱ्यांदा भरली आणि दवाखान्यातून ते घरी आलेच नाहीत, थेट वृद्धाश्रमात गेले.

त्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. "तुझ्या आईनंही हेच केलं असतं," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

तिथं चोवीस तास ऊब असते. परवा रविवारी गेले तर बाबा शर्टावर, केस विंचरून, दाराकडे तोंड करून बसलेले.

"रोना, आज कोण येणार आहे गं?"

"कोणी नाही, बाबा. मीच आलेय."

त्यांनी भिंतीवरच्या हीटरवर हात ठेवून पाहिला.

"मग एवढं तापवलंय कशाला?"