चाकाला हात लावायचा नाही

मित्रांनो, मी दुर्बीण आहे. जुनी आहे, काळी आहे, आणि गळ्यात अडकवली तर मान दुखेल इतकी जड आहे. जन्म जपानचा, पण शहाणपण सगळे कॅनडात आले. तेही उशिरा.

१९८१ साली ओटावाच्या एका दुकानातून मला दिलीपरावांनी घेतले. ते तेव्हा तरुण इंजिनियर होते. विकत घेण्यापूर्वी त्यांनी अर्धा तास रस्त्यापलीकडच्या खांबावरची पाटी माझ्यातून वाचली. पाटी फ्रेंचमध्ये होती, त्यामुळे अक्षर न् अक्षर दिसूनही काही कळले नाही. तरी ते खूश झाले. इतका कदरदान मालक मिळाल्याबद्दल मीही खूश झाले.

माझ्या मधोमध एक चाक आहे. ते फिरवले की समोरचे स्पष्ट दिसते. मात्र प्रत्येकाच्या डोळ्यांना ते वेगळे फिरवावे लागते. दिलीपरावांना उणे सहाचा चष्मा. माझ्यातून बघताना ते तो काढून खिशात ठेवत, चाक आपल्या डोळ्यांना जुळवत, मनसोक्त बघत, आणि मग मला पत्नीच्या हातात देत म्हणत, "मी लावून दिलंय. चाकाला हात लावू नकोस."

त्यांची पत्नी म्हणजे डॉक्टर पद्मजाताई. तीस वर्षे त्यांनी इस्पितळात सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचे थेंब तपासले. कुठले चाक किती फिरवायचे, हे त्यांना माझ्या कारखान्यापेक्षा जास्त ठाऊक. पण त्या मला डोळ्यांना लावत, क्षणभर थांबत आणि म्हणत, "हो, दिसलं."

काय दिसत होते ते मला माहीत आहे. दूध. दुधाच्या पेल्यात बुडी मारून वर बघावे, तसे.

खोटे का बोलत, असे तुम्ही विचाराल. १९८३ मध्ये अल्गॉन्क्विनच्या जंगलात एक मूस तळ्यात उभा होता. सांबरासारखा, पण पुष्कळच मोठा. तेव्हा पद्मजाताई एकदाच म्हणाल्या होत्या, "मला नाही दिसत." दिलीपरावांनी लगेच कागदी रुमालावर भिंगाची आकृती काढली, किरण कुठून येतात ते बाणांनी दाखवले आणि चूक बघणाऱ्याची कशी असते हे समजावून दिले. तोवर मूस निघून गेला. त्या दिवसापासून "दिसलं" म्हणायची रीत पडली. ती सोयीची होती. नायगारा दिसला, तादुसाकचे व्हेल दिसले, समोरच्या घरातला नवा सोफासुद्धा दिसला.

पुढे फोनमध्येच कॅमेरे आले आणि मी रिचमंड हिलच्या घराच्या बेसमेंटमध्ये विंटर बुटांशेजारी जाऊन बसले. बारा वर्षे. बूट निदान वर्षातून पाच महिने बाहेर जात. मला कोणी विचारले नाही.

मग पद्मजाताईंना काचबिंदू झाला. उजव्या डोळ्याच्या कडा विझत चालल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना डॉक्टरी भाषेतच सांगितले, पण अर्थ एवढाच, की बघायचे असेल ते लवकर बघून घ्या. घरी येऊन त्यांनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "मला बिबट्या बघायचाय. झूमधला नको. त्याच्या घरी, झाडावर बसलेला."

त्यांची मुलगी ईशिता टोरोंटोत बँकेत आहे. तिने दोन आठवड्यांत टांझानियातल्या सेरेंगेटीची तिकिटे बुक केली. दिलीपरावांनी बेसमेंटमधून मला आणले, फुंकर मारली आणि म्हणाले, "आता हिची खरी गरज आहे." आणि ते खरेच होते.

मित्रांनो, सेरेंगेटीचे वर्णन मी काय करू? माझ्या दोन काचांत मावेल असे ते नव्हतेच. गवताला शेवट नव्हता. हजारो विल्डबीस्ट, म्हणजे दाढीवाली, उदास चेहऱ्याची हरणे, नाकासमोर बघत चालली होती, जणू सगळ्यांना एकाच ऑफिसात वेळेवर पोचायचे होते. हत्तिणींचा कळप आमच्या गाडीपुढून गेला. पिल्लू मध्ये, मावश्या भोवती, आणि गाडीकडे बघण्याइतके महत्त्वही आम्हाला कोणी दिले नाही. माणसाला इतके नीट दुर्लक्षिलेले मी प्रथमच पाहिले आणि मला ते फार आवडले.

आमचा गाइड होता एलिबारिकी. तो गाडी चालवता चालवता, नुसत्या डोळ्यांनी, पाचशे मीटरवरचा सिंहाचा कान ओळखायचा. मला थोडा अपमान वाटला, पण गुणी माणसाचा राग करू नये.

हत्ती जवळ होते, ते पद्मजाताईंनी माझ्याविना पाहिले. लांबचे सगळे "दिसलं" मध्ये गेले. चित्ता दिसला, गेंडा दिसला. ईशिता प्रत्येक वेळी विचारायची, "आई, यू सॉ इट, राइट?" आणि आई म्हणायची, "हो गं." चार दिवस झाले. बिबट्याचा पत्ता नव्हता.

पाचव्या दिवशी, म्हणजे शेवटच्या सकाळी, एलिबारिकीने गाडी थांबवून इंजिन बंद केले. दूरवर एका बाभळीच्या आडव्या फांदीखाली काहीतरी लोंबत होते. "टेल," तो कुजबुजला. शेपटी होती ती.

दिलीपरावांनी चष्मा काढला, मला लावले, चाक फिरवले. त्यांचा श्वास थांबलेला मला कळला. "अगं, अगदी समोर आहे. घे. चाकाला हात लावू नकोस."

पद्मजाताईंनी मला डोळ्यांना लावले. दूध.

"दिसला?"

आता "दिसला" म्हणाल्या असत्या तर सगळे सुखाने घरी गेले असते. ईशिताला समाधान, दिलीपरावांना समाधान, आणि त्यांच्याजवळ बिबट्याऐवजी दूध.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही कसा? मी लावून दिलंय ना? हे बघ, किरण आधी इथून येतात, मग..."

"बाबा, प्लीज. नॉट नाऊ," ईशिता म्हणाली.

"सर," एलिबारिकी अत्यंत नम्रपणे म्हणाला, "तो ऐकतोय."

दिलीपराव गप्प झाले. बेचाळीस वर्षांत एवढी शांतता मी फक्त बेसमेंटमध्ये अनुभवली होती. आणि पद्मजाताईंचा अंगठा माझ्या चाकावर आला. सूक्ष्मदर्शकाची सवय असलेला अंगठा तो. आधी थोडा पुढे गेला, मग केसभर मागे आला, आणि थांबला.

दुधातून आधी ठिपके वर आले. मग फांदीवर टेकलेली हनुवटी, मिशांचा एकेक केस, श्वासाने हळूच वरखाली होणारे पांढरे पोट. चारही पाय असे सैल सोडलेले की जगात कसलीही घाई नाही. त्याने डोळे उघडले. पिवळसर हिरवे. त्याने आमच्याकडे पाहिले, आमच्यात काही विशेष नाही हे ठरवले, आणि पुन्हा मिटले. इतके देखणे काही माझ्यातून कधी गेले नव्हते. आपल्यालाही एवढे स्पष्ट दाखवता येते, हे मीच विसरले होते.

"झालं का?" दिलीपरावांनी हात पुढे केला.

"थांबा."

चष्मा खिशात, मी पद्मजाताईंकडे. त्यामुळे दिलीपरावांसमोर आता अख्खी सेरेंगेटी धुक्यात होती. खिशात हात घालायचे त्यांना सुचले नाही. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारले, "काय करतोय?"

"झोपलाय. शेपटीचं टोक तेवढं हलतंय. उजव्या कानाला जुनी खाच आहे."

"खाच मला नव्हती दिसली." मग त्यांनी बोटांवर काहीतरी मोजले. "पद्मा, ते व्हेल?"

"पांढरे."

"नायगारा?"

"पांढरा. पण तो तसाही पांढराच असतो म्हणतात."

ईशिताने तोंडावर स्कार्फ धरला. दिलीपराव हसले नाहीत. "सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही रुमालावर चित्र काढलंत."

यावर त्यांनी पहिल्यांदाच काही समजावून दिले नाही. बिबट्या उठून, अंग ताणून, पलीकडच्या गवतात उतरून दिसेनासा होईपर्यंत मी पद्मजाताईंकडेच होते. दिलीपराव शेजारी बसून ऐकत होते.

आता मी स्वयंपाकघराच्या खिडकीत असते. पद्मजाताईंच्या डोळ्याच्या कडा आणखी आत सरकल्या आहेत. तरी रोज सकाळी त्या बर्फातले लाल कार्डिनल पक्षी बघतात, आणि मी त्यांच्या हातात असेपर्यंत दिलीपराव चकार शब्द काढत नाहीत. त्यांना त्याचा त्रास होतो, हे मला कळते. ते कप विसळत बसतात.

मित्रांनो, माझी काच शर्टाच्या टोकाने पुसू नका, मला ओल्या बेसमेंटमध्ये टाकू नका. आणि कुणाच्या हाती देताना माझे चाक त्याच्यासाठी मोकळे ठेवा, मग तो बघत असताना जरा गप्प बसा. बिबट्यांनाही तेच बरे वाटते.