चवीची पाळी

ममतानं पातेल्यावरचं झाकण सरकवलं आणि वाफेचा लोट तोंडावर येताच मान मागे घेतली. खिचडी झाली होती. कोरडी नाही, गिचकी नाही, पिवळीजर्द. सगळ्या शाळेला पुरेल एवढी खिचडी तिनं आयुष्यात पहिल्यांदाच केली होती, आणि कोणीतरी पटकन काहीतरी चांगलं म्हणावं म्हणून ती इकडेतिकडे पाहत होती. पण तिची आई, इंदूबाई, पायरीवर बसून डाव्या हातानं ताटल्या पुसत होती. उजव्या अंगठ्याला चिंधी होती. काल कांदे चिरताना विळी चांगलीच लागली होती.

"जळली त नाही न?" इंदूबाईनं तिथूनच विचारलं.

"जळली असती त वास नसता आला काय?"

ममता स्वतः याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकली, तेव्हापासून इथला पोषण आहार इंदूबाईच शिजवत होती. आता ममता कळंबच्या हायस्कुलात नववीत होती. गेल्याच आठवड्यात गॅदरिंगच्या वक्तृत्वात तिचा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून तिला कोणासमोरही बोलायची भीती उरली नव्हती. आज तिच्या शाळेला सुट्टी होती, आईचा हात दुखावलेला होता. म्हणून सकाळीच तिनं ओढणी कमरेला खोचली आणि चूल ताब्यात घेतली.

समोरच्या व्हरांड्याच्या भिंतीवर राठोड मॅडमनी पालकांसाठी नियम रंगवून घेतले होते. शनिवारची शाळा सकाळी भरेल. ताप असलेल्या मुलाला घरीच ठेवा. आहार शाळेतच खावा, डब्यात भरून घरी नेऊ नये. आणि सगळ्यात खाली, लाल अक्षरांत: रोज एका घरचं मोठं माणूस येऊन मुलांच्या आधी आहाराची चव पाहील.

बाकीचे नियम लोक येताजाता वाचत आणि विसरत. हा शेवटचा मात्र गावाला आवडला होता. ज्याची पाळी असेल त्यानं कडुलिंबाखालच्या निळ्या खुर्चीवर बसायचं, मॅडमसमोर, सगळ्या लेकरांसमोर चार घास खायचे आणि चांगली असेल तर "बसा रे" म्हणायचं. तोवर एकही पोर पंगतीत बसत नसे. कापूस वेचायला निघालेल्या बाया पाळीच्या दिवशी जराशी चांगली साडी नेसून यायच्या.

आजची पाळी तिसरीतल्या निशिगंधाच्या, म्हणजे निशीच्या घरची होती. तिचे आईबाप सकाळपासून वावरात, त्यामुळे दरवेळी तिची आजी यायची. वच्छलाबाई. आणि दरवेळी वच्छलाबाईंचा उपास असायचा. पहिल्यांदा चतुर्थी होती. मग सोमवार निघाला. मग एकादशी. खुर्चीवर न बसता त्या हात जोडायच्या, मॅडम स्वतःच चव घ्यायच्या आणि "बसा रे" मॅडमच म्हणायच्या. उपास नेमका कशाचा, हे गावात कोणी विचारत नव्हतं. खिचडी इंदूबाईच्या हातची होती, आणि इंदूबाईचं घर बुद्धविहारामागच्या वस्तीत होतं. एवढं सगळ्यांना कळत होतं.

या वेळी ममतानं कॅलेंडर पाहून ठेवलं होतं. बुधवार. त्या चौकटीत काही म्हणजे काही नव्हतं. आणि तिच्याकडे एक वाक्य तयार होतं, आरशासमोर म्हणून पाहिलेलं: आजी, उपास हाय का आमचा विटाळ हाय, एकदा सगळ्याईसमोर सांगून टाका.

इंदूबाईला ते वाक्य माहीत नव्हतं, पण लेकीचा चेहरा माहीत होता.

"त्यायले काही बोलू नको," ती ताटल्यांवर ताटल्या रचत म्हणाली.

"काहून? तू भेतं काय त्यायले?"

"भेत नाही. मले मालूम हाय ते मालूम हाय."

ममताला याचाच राग यायचा. दिवाळीआधी ती अशीच मदतीला आली होती, तेव्हा आई वाढताना त्याच घरच्या निशीच्या ताटलीत पळीभर खिचडी जास्त टाकते, हे तिनं पाहिलं होतं. तिलाच का जास्त, असं विचारल्यावर इंदूबाई नुसतं "खाते ते" म्हणाली होती. काडीसारखी ती पोरगी, कुठं खात होती एवढं.

वच्छलाबाई फाटकातून आत आल्या तेव्हा पोरं हात धुऊन ओळीनं उभी होती. त्यांनी वहाणा कडेला काढल्या, मॅडमना नमस्कार केला, निशीच्या वेणीवरून हात फिरवला. कापूस यंदा बरा आहे, असंही सांगून झालं. मग राठोड मॅडमनी खुर्चीकडे हात केला, तसा त्यांनी पदर सावरला.

"तुम्हीच पाहा न मॅडम. आज माझं पोट जरा बरं नाही."

म्हणजे कॅलेंडर त्यांनीही पाहिलं होतं. ममताला हसूही आलं आणि कानही तापले. मॅडमनी नेहमीसारखा सुस्कारा टाकून चमचा उचलला. ओळीत निशी उभी होती. ती आजीकडे पाहत नव्हती, दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत होती. ममतानं श्वास भरून घेतला. गॅदरिंगला माईकसमोर घेतला होता, तसाच.

"एक मिनिट," असं म्हणून तिनं आधी पातेल्याचं झाकण पूर्ण उघडलं. काय नाकारताय ते निदान समोर तरी असू द्या, असं तिला वाटलं.

वाफ खुर्चीपर्यंत गेली. वच्छलाबाईंनी नाक जरासं वर केलं. मग कपाळाला आठी पडली. त्या पातेल्याकडे एक पाऊल आल्या, वाकल्या, पुन्हा वास घेतला.

"इंदू," त्या म्हणाल्या, "आज तुनं नाही केली न हे?"

इंदूबाईचा ताटली पुसणारा हात थांबला.

"तुया खिचडीले ठेचल्या लसनाचा वास राह्यते. मांगच्या बुधवारी त काय..."

वाक्य तिथंच राहिलं. वच्छलाबाईंचं तोंड मात्र तसंच उघडं राहिलं. मॅडमनी चमचा हळूच ताटलीत ठेवला आणि उगाचच भिंतीवरचे नियम वाचायला घेतले. निशीनं दप्तर पोटाशी धरलं. आत डबा कुठेतरी खणकला.

ममतानं आईकडे पाहिलं. इंदूबाईच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. ती चिंधीचं टोक सारखं करत होती, आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू आहे की नाही हे नीट दिसत नव्हतं. पळीभर जास्त. खाते ते.

ममताच्या जिभेवरचं वाक्य अजून तिथंच होतं. आत्ता म्हटलं असतं तर बरोबर बसलं असतं, सगळी पोरं, मॅडम, फाटकापाशी थांबलेले दोघेतिघे, सगळ्यांनी ऐकलं असतं. तिनं ते गिळलं. पण गप्प मात्र राहिली नाही.

"मी केली, आजी," ती म्हणाली. "लसूण टाकाचा राह्यला. आई सांगत होती, म्या ऐकलं नाही."

"तरीच," वच्छलाबाई पुटपुटल्या.

"मंग खाऊन सांगा न आणखी काय कमी हाय. मले शिकाचं हाय."

ती ताटली घेऊन उभी राहिली. हात लांब केलेला, आणि तो मागे घ्यायचा नाही असं ठरवलेलं. वच्छलाबाईंनी ताटलीकडे पाहिलं, पोरांच्या ओळीकडे पाहिलं. सगळ्यात शेवटी इंदूबाईकडे. इंदूबाईनं नजर हलवली नाही. उठून पुढेही आली नाही.

"बसाले खुर्ची हाय तिकडं," ती तिथूनच म्हणाली.

वच्छलाबाई निळ्या खुर्चीवर बसल्या. पहिला घास त्यांनी फार सावकाश घेतला. दुसरा तेवढा सावकाश नव्हता. चौथ्या घासालाही त्या थांबल्या नाहीत, ताटली बोटानं पुसून घेतली.

"मीठ बरोबर हाय," त्या ममताला म्हणाल्या. "डाळ आणखी शिजाले पाह्यजे होती. आईजवळ उभी राहून पाह्यत जा." मग त्यांनी घसा खाकरला. आवाज आधी बसकाच निघाला, म्हणून त्यांनी पुन्हा, फाटकापर्यंत जाईल असा काढला.

"बसा रे, बसा."

पोरं धपाधपा खाली बसली. ममता ताटल्या मांडत पुढे गेली आणि मागून इंदूबाई डाव्या हातानं वाढत आली, प्रत्येकाला एक पळी. निशीपाशी आल्यावर निशीनं सवयीनं ताटली थोडी वर धरून ठेवली.

इंदूबाईनं एकच पळी वाढली आणि शेजारच्या पोराकडे सरकली.

निशीनं वर पाहिलं. मग कडुलिंबाखाली पाहिलं. आजी अजून खुर्चीतच होती, ताटली मांडीवर धरून मॅडमना लसणाचं काहीतरी समजावून सांगत होती. निशीनं ताटली खाली ठेवली आणि घाईघाईनं जेवायला लागली. डबा दप्तरातच राहिला.