भुगा न झालेली चकती

भाताच्या तुसांची राख आणि अंड्यांची टरफलं कालवून बाबा चकत्या भाजायचे आणि भट्टीत निवता निवता प्रत्येकीचा भुगा व्हायचा. "आम्लेट लोकांनी खायचं, टरफलं दादाने भाजायची!" काका हसायचे. आता बाबा नव्हते. आजची चकतीही गेली, तर काका राखेची नि टरफलांची उरलेली पोती टाकून देणार होते.

लेकीने धगधगत्या भट्टीचं दार उघडलं.

"अगं वेडे, तडकेल! निवल्याशिवाय उघडायची नाही, हे तुझ्या बापाने हजारदा सांगितलंय."

"तिथेच चुकलं, काका. मातीला सावकाश निवणं मानवतं. ही माती नाही. सावकाश निवली की हिचा भुगा होतो."

तिने चिमट्याने चकती काढून विटेवर ठेवली. लाली गेली, धग गेली, चकती पांढरी पडली, तरी कड शाबूत राहिली. काकांनी ती तळहातावर घेऊन टिचकी मारली. खणखणीत वाजली.

"म्हणजे दादाचं मिश्रण बरोबर होतं?"

"पहिल्यापासून," ती मान ताठ ठेवून म्हणाली. "फक्त घाई हवी होती, आणि घाई तेवढी त्यांना कधी जमली नाही."