बोथट कात्री

आंतेल्म रूजेचं पोट त्याच्या केसांवर चालायचं. अकरा वर्षं कात्री न लागलेले, कमरेला टेकणारे पिंगट केस. पॅरिसच्या चर्चांमध्ये टांगलेले निदान सात येशू त्याला समोर बसवून रंगवलेले होते. बायको झेली रोज सकाळी कॅमोमाइलच्या फुलांच्या पाण्याने ते केस धुवायची आणि बजावायची, "सांभाळ हो. हे आहेत म्हणून घरात पाव आहे."

त्या हिवाळ्यात चित्रकार गारांसिएने त्याला राजा केलं. वसंतातल्या मोठ्या प्रदर्शनासाठी भिंतीएवढं चित्र काढायचं होतं: जुन्या काळी फ्रान्सवर राज्य करणाऱ्या फ्रँक लोकांचा शेवटचा लांबकेशी राजा. त्या घराण्याचं राज्यच केसांत होतं. केस उतरवले की राजा संपला, उरलेलं आयुष्य मठात. चित्रकारांना राजे असेच आवडतात, पडताना.

"खरंच कापायचे नाहीत ना, साहेब?" आंतेल्मने विचारलं.

"अरे, कात्री बघ की. लोणीसुद्धा कापणार नाही ती."

आंतेल्मने पात्यावर अंगठा फिरवून पाहिला. खरंच बोथट होती. मग तो आठवडाभर निर्धास्त गुडघ्यावर बसला. मागे राजाचे केस उतरवणाऱ्या साधूच्या झग्यात, ती कात्री धरून, चित्रासाठी बसणारा दुसरा एक जण, फिर्में, उभा असायचा, बावीस वर्षांचा, बारीक केसांचा, देखणा आणि तोंडाळ.

शनिवारी सकाळी अंगणात धारवाल्याचं चाक घरघरत होतं. स्वयंपाकघरातल्या सुऱ्या असतील, असं आंतेल्मला वाटलं. गारांसिएने त्याचे हात मागे बांधले. "राजाचे बांधलेलेच होते," म्हणाला. आणि फिर्मेंला नुसती मान हलवली.

कर्रकन आवाज झाला आणि मांडीवर हातभर बट पडली. आंतेल्म ओरडला, गडबडा लोळला. फिर्मेंने गुडघ्याखाली त्याला दाबून उरलेले केस उतरवले. गारांसिए कोळशाने भराभर रेखाटत होता. "मान वर! डोळे इकडे कर, गाढवा!"

दोर सोडल्यावर त्याने रेखाटन न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. "यात राजा कुठाय? हा तर नोकरी गेलेला कारकून दिसतोय." कागद फाडून शेगडीत टाकला. आंतेल्मला म्हणाला, "रडतोस काय? केस पुन्हा येतील." जमिनीवरचे केस मात्र त्याने स्वतः, एकेक बट, रुमालात गोळा केले.

दर सोमवारी पिगाल चौकातल्या कारंज्यापाशी चित्रकार समोर बसवायची माणसं निवडायला येत. आंतेल्म सहा सोमवार तिथे उभा राहिला. ओळखीचे चित्रकार त्याच्या डोक्याकडे बघत आणि पुढे जात. बोडक्या येशूला कोण विचारतो? झेली घरात बोलेनाशी झाली. तिचे शिव्याशाप परवडले असते.

सातव्या आठवड्यात गारांसिएचा निरोप आला: साधू हवा आहे, टाळूवर वस्तरा फिरवून ये. आंतेल्मला त्याच्या तोंडावर थुंकायचं होतं. तो टाळू भादरून गेला.

राजाच्या जागी फिर्में बसला होता. खांद्यांवरून कमरेपर्यंत पिंगट केस, नव्या टोपाचे. आंतेल्मने वाकून बट हातात घेतली. अजून कॅमोमाइलचा वास येत होता.

"जरा बेताने, काका," फिर्में म्हणाला. "टोप बनवणाऱ्याने महिनाभर डोळे फोडलेत यावर."

गारांसिएने कात्री दिली. तीच. आंतेल्मने बट पात्यांत धरली आणि सगळ्या ताकदीनिशी दाबली. पुन्हा दाबली. केस नुसते मुडपले आणि निसटले. या खेपेला धार आठवणीने मोडून ठेवलेली होती.

त्याने मान वळवून गारांसिएकडे पाहिलं.

"हाच!" गारांसिए कुंचला उचलत म्हणाला. "हाच चेहरा हवा होता. आता हलू नकोस."

दुपारपर्यंत आंतेल्म हलला नाही.