सुनेच्या वाटची दाळ

साक्रीजवळच्या त्या गावात वैशाखातले पत्रे सकाळी नऊलाच तापलेले. ललिताने कालच्या उडदाच्या दाळीवरचं झाकण काढलं. दाळीवर फेस आला होता, आंबूस वास सुटला होता.

या घराची रीत ठरलेली. ताजी दाळ-भाकर पुरुषांना, कालचं उरलंसुरलं सुनेला. आंबलं तर चिंच टाकायची, लसणाची फोडणी द्यायची, की झालं. आणि याला म्हणे काटकसर!

ललिताला सातवा महिना. गेल्याच आठवड्यात अशाच दाळीने ओकाऱ्या-जुलाब होऊन तिला सलाईन लावावं लागलं. नर्सबाईने बजावलं होतं, "उन्हाळ्यात रात्रभर बाहेर राहिलेलं खायचं नाही. उकळून वास जातो, विष जातंच असं नाही. पुन्हा असं झालं तर बाळाच्या जिवावर बेतेल." तेव्हापासून पोरीचा जीव थाऱ्यावर नव्हता. बाळ जरा हललं नाही की ती पोटावर हात ठेवून बसायची.

"फोडणी दे ना मंग," सासू बिजलीबाई चुलीपुढून म्हणाली. "आमना जनम गया हाई खावामा. आमले काय व्हयनं?"

पातेलं उचलून ललिता तडक गोठ्यात गेली आणि म्हशीच्या घमेल्यात ओतायला वाकली.

गोठ्यासमोरच्या ओट्यावर नवरा विक्रम आणि सासरे जीवराम आबा जेवत होते. आबा ताटावरून उठलेच. "तिले नको टाकू. म्हैस गाभनी शे, आंबेल खाईसन गाभ पडी जाई."

ललिता वळली. आबांसमोर तिने आजवर मान वर केली नव्हती. आज मात्र आवाज फुटला.

"आबा, मी बी सातवा महिनामा शे. हाई दाय मनाकरता ठेवेल शे."

आबा उभेच राहिले. विक्रमने ताट बाजूला सारलं.

बिजलीबाईने चुलीपुढून येऊन सुनेच्या हातून पातेलं घेतलं, दाळ उकिरड्यावर ओतली, वर राख लोटली. परत आली ती भिंतीला टेकली. "मना पहिला पोऱ्या सातवा महिनामाच गया," ती म्हणाली. "हाईच खाईसन ओकी ओकी अर्धी मरी गयथू. नशीब म्हनीसन गप बठनू."

मग तिने पुरुषांपुढची भाकरीची टोपली ओढली आणि गरम दाळ, ताजी भाकर सुनेला वाढली. "आधी तू जेव."

ललिता जेवत होती, पुरुष थांबले होते. वाचकहो, आज तुमच्या घरी सगळ्यांच्या मागून कोण जेवलं आणि तिच्या ताटात कालचं काय होतं, हे तुम्ही पाहिलंत का?