शार्कमधली माताजी

गुजरातेत, कारेलीबागेतल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर मांडव उभा राहिला होता आणि बाहेर स्कूटर लावायलाही जागा नव्हती. आत दरियाबापू नावाचे एक बाबा शार्कचा दात भस्मात घोळवून काचेच्या वाटीतल्या नर्मदाजलात सोडत. वाटी फसफसून उतू जाई, बायका हात जोडत. "माताजी जागी झाली. हवे डॉक्टरनी जरूर नथी," आता डॉक्टरची गरज नाही, असं बापू म्हणत. मग तो दात दोऱ्यात ओवून गळ्यात बांधायचा, की अंगातली कसलीही गाठ विरघळलीच.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. माझ्या वर्गात एवढी गर्दी कधी झाली नाही, त्यामुळे माझा जळफळाट झाला हे सरळच सांगतो. पण बापूहून जास्त जळत होतो तो अवंतीवर. ही माझीच विद्यार्थिनी. पेशीला शक्ती पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया नावाच्या कणांचा स्वतःचा डीएनए असतो. वेरावळच्या एका शार्कमधला तो डीएनए तिने अथपासून इतिपर्यंत वाचून काढला आणि गुजराती पेपरात तिचा फोटो आला. माझा कधी आला नाही.

हा डीएनए पिल्लाला फक्त आईकडूनच मिळतो, असं ती बातमीदाराला म्हणाली होती. मथळा आला, 'शार्कमां मात्र मातानो अंश', म्हणजे शार्कमध्ये फक्त मातेचा अंश. आता गुजरातेत माता म्हटल्यावर आई कुणाला आठवते? बापूंनी ते कात्रण फ्रेम करून आपल्या गादीमागे टांगलं. अवंतीची फजिती बघून मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या, स्नेहलताच्या, छातीत गाठ होती आणि सोमवारी ऑपरेशन ठरलं होतं. ती गळ्यात दात बांधून आली आणि ऑपरेशन नको म्हणून सांगून टाकते म्हणाली. मी घसा कोरडा होईपर्यंत समजावलं.

"दादा, त्या बाईंचा फोटो आलाय पेपरात," ती म्हणाली. "तुझा आलाय का?"

मी अवंतीला फोन केला आणि स्नेहलताला घेऊन मांडवात गेलो.

कात्रणातलीच बाई मांडवात आलेली पाहून गर्दीने वाट दिली. बातमीतली माता म्हणजे शार्कची आई, देवी नव्हे, हे तिने गुजरातीत नीट सांगितलं. बापू हसले. "माता तो माता, बेन. बधी एक ज." सगळ्या माता एकच, म्हणे.

अवंतीने नर्मदाजलात बोट बुडवून जिभेला लावलं, मग भस्माची चिमूट चाखली. तिने स्नेहलताच्या गळ्यातला दात नळाखाली धुतला आणि साध्या पाण्यात टाकला. तो तळाशी दातासारखा पडून राहिला. मग भस्माची वाटी तिने स्नेहलताच्या हातात दिली. "ताई, यातलं चिमूटभर त्या जलात टाका."

जल फसफसून उतू गेलं. दात नव्हताच त्यात. स्नेहलताने बोट चाटून पाहिलं. आमच्याकडे दर रविवारी तिच्याच हातचा ढोकळा असतो.

"जलात लिंबाची फुलं, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, आणि भस्मात खायचा सोडा," ती म्हणाली. "बापू, मग माझ्या ढोकळ्यातही माताजी जागी होते."

मांडवात आधी एकजण हसला, मग सगळेच.

सोमवारी ऑपरेशन झालं. वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. शुद्धीवर येताच स्नेहलता पुटपुटली, "अवंती किती हुशार आहे रे. खरंच तुझ्याकडे शिकली?"

माझा मत्सर अजून गेलेला नाही. त्यावर औषध नाही, पण गाठीवर आहे. म्हणून सांगतो, कुठलीही वाटी उतू गेली तरी हात जोडण्याआधी त्या पाण्यात काय आहे ते विचारा, आणि गाठ हाताला लागली तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.